सागरी सहल आणि वैद्यकीय विमा

सहलीच्या जहाजावर डॉक्टर असतो, तेव्हा निराळ्या विम्याची गरज काय, असे पुष्कळांना वाटते. हा समज बरोबर नाही. जहाजावरील उपचारांचे शुल्क साधारणपणे तिकिटात धरलेले नसते. ते प्रवाशाच्या खात्यावर मांडले जाते. त्याची भरपाई मागाहून मिळवावयाची, तर पावत्या व डॉक्टरांचा अहवाल जपून ठेवला पाहिजे.

घरच्या विम्यावर विसंबणेही धोक्याचेच. अमेरिकेतील वृद्धांसाठी १९६५ साली कायद्याने स्थापन झालेली ‘मेडिकेअर’ योजना घ्या. जहाज अमेरिकी बंदरापासून सहा तासांहून अधिक दूर गेले, की त्यावरील उपचारांचा खर्च ती देत नाही.

सर्वांत जड खर्च असतो तो रुग्णाला हलविण्याचा. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा जवळच्या बंदरातून विमानाने इस्पितळात न्यावे लागते. म्हणून विमापत्र निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : या वाहतुकीचा खर्च किती रकमेपर्यंत मिळतो, पूर्वीच्या व्याधींना संरक्षण आहे काय, आणि वाटेतील प्रत्येक देश त्यात समाविष्ट आहे काय. मधुमेह लपविला तर हप्ता कदाचित कमी बसेल. परंतु ऐन संकटात दावाच नामंजूर होण्याचा संभव राहतो.