हा मासा कोठे जन्मला?

कोपरी ही ठाणे शहराच्या पूर्वेकडील, खाडीलगतची वस्ती. तेथील एखाद्या घरी काचेच्या पेटीत गप्पी मासे किंवा सोनमासे दिसले, तर ते बहुधा टाकीत किंवा तळ्यात जन्मलेले असतात. गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांची पैदास माणसाला फार पूर्वीच साधली. खाऱ्या पाण्यातील रंगीत माशांची गोष्ट निराळी आहे. त्यांपैकी बहुतेक जाती आजही समुद्रातील प्रवाळांच्या खडकांतून पकडून आणल्या जातात.

हातजाळीने जपून मासा धरला, तर हानी थोडी होते. परंतु फिलिपिन्स व इंडोनेशिया या देशांत काही मासेमारांनी खडकांच्या कपारींत सायनाइड हे विष फवारले. त्यामुळे मासा गुंगतो व सहज हाती लागतो. पण प्रवाळ मरतात आणि पकडलेले कित्येक मासेही पुढे दगावतात. एका माशासाठी अनेक जिवांचे घर उजाड होते!

यावर एक उपाय म्हणजे माशांची पैदास टाकीतच करणे. कोपरीच्या खाडीपलीकडे ऐरोली आहे. तेथे कांदळवन प्रतिष्ठानाने अशा पैदाशीचे केंद्र उभारले. त्यासाठी विदूषक मासा निवडण्यात आला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, असे त्याचे रूप असते. मादी दगडावर अंडी चिकटवते. नर त्यांची राखण करतो व परांनी त्यांच्यावर पाणी खेळते ठेवतो. साधारण आठवड्याभरात पिले बाहेर येतात. ती इतकी चिमुकली असतात, की प्रथम त्यांना रोटिफर नावाचे अतिसूक्ष्म जीव खाऊ घालावे लागतात. ते वेळेवर न मिळाल्यास पिले जगत नाहीत. म्हणून माशांच्या आधी त्यांच्या अन्नाचीच शेती करावी लागते.

प्रत्येक जातीत हे इतके सुलभ नाही. निळ्या सर्जन माशाची अंडी पाण्यावर तरंगत जातात व त्याची नाजूक पिले कित्येक आठवडे खुल्या समुद्रात वाहत राहतात. ती टाकीत वाढविण्यात अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ साली प्रथम यश आले.

टाकीत जन्मलेला मासा तयार खाद्य लवकर स्वीकारतो आणि पेटीत सहसा चांगला जगतो. मात्र समुद्रातील मासा जपून पकडणारा कोळी दोषी ठरत नाही. प्रवाळ जगले तरच त्याचेही पोट भरते. म्हणून रंग आणि किंमत पाहण्यापूर्वी ग्राहकाने एवढेच विचारावे : हा मासा कोठे जन्मला, आणि तो कसा पकडला?

स्वाध्याय
१. सायनाइडच्या वापराने कोणकोणते नुकसान होते?
२. ‘माशांच्या आधी त्यांच्या अन्नाची शेती करावी लागते’, असे का म्हटले आहे?
३. विदूषक मासा व निळा सर्जन मासा यांच्या पैदाशीतील फरक सांगा.