१२० मायक्रॉनची पिशवी: केंद्राला चालते, महाराष्ट्राला नाही

व्हिडिओत पिशवीचा विषय घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितो.

नांदेड असो की लातूर, नवीन दुकान टाकलं की होलसेलवाला हमखास म्हणतो, "१२० मायक्रॉनची आहे, बिनधास्त वापरा, सरकारमान्य आहे." तो खोटं बोलत नाही. फक्त कोणतं सरकार, ते सांगत नाही.

केंद्राचे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे. २०२१ च्या दुरुस्तीने पिशवीची किमान जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. म्हणजे केंद्राच्या हिशेबात जाड पिशवी चालते. महाराष्ट्राकडे मात्र विघटन न होणाऱ्या कचऱ्याबद्दल २००६ चा स्वतःचा कायदा आहे. त्याखाली २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली आणि तिने जाडीचा प्रश्नच काढून टाकला: हँडल असो वा नसो, प्लास्टिकची कॅरीबॅग बंद. उत्पादक हायकोर्टात गेले, स्थगिती मिळाली नाही.

मग खरं कुणाचं? दोघांचंही. पर्यावरण संरक्षण कायदा (१९८६) केंद्राचा, पण सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय घटनेने राज्याला दिलेत. केंद्राने ठरवलेल्यापेक्षा ढिलाई राज्याला देता येत नाही, कडक मात्र होता येतं. दुकानदाराला दोन्ही पाळायचे, म्हणून जो नियम कडक तोच आपला. कंपनीच्या पाकिटातली बिस्किटं चालतात आणि आपली पिशवी नाही, हे मलाही खटकतं. पण तपासणीला आलेल्या पथकापुढे ते बोलून उपयोग नाही.

दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. किराण्यात समजा दहा टक्के सुटतात, तर पहिलाच दंड म्हणजे ५०,००० च्या विक्रीचा नफा गेला.

नॉन-वोव्हन पिशवीचं वेगळं. राज्याने ती आधी बंद केली, मग २०२२ च्या शेवटी ६० जीएसएमच्या अटीवर सोडली. केंद्राचीही अट तीच. घेताना पिशवीवर जीएसएम छापलंय का बघा आणि बिलावरही लिहून घ्या.

आणि हो, उद्घाटनाचं बॅनर. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचं बॅनर १ जुलै २०२२ पासून केंद्रानेच देशभर बंद केलंय. ऑर्डर देण्याआधी छपाईवाल्याला जाडी विचारा.