मारांडीचा पाला, गेव्याचा चीक

प्रश्न : आजी खारफुटीतल्या मारांडीचा पाला गरम करून गुडघ्यांना बांधायची. आता कुणी मारांडीचा काढा प्यायला सांगतं, कुणी खारफुटीतल्याच गेव्याचा चीकही औषधी म्हणतं. घ्यावा का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : पाल्याचा शेक घ्यायला हरकत नाही, फक्त चटका बसू देऊ नका. मारांडीच्या पानांच्या अर्काने उंदरांच्या पायाची सूज उतरल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, म्हणजे आजीचं निरीक्षण पोकळ नव्हतं. पण काढ्याची सुरक्षित मात्रा माणसांवरच्या चाचण्यांनी ठरलेली नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर काढा नकोच.

गेव्याच्या चिकाला मात्र हातही लावू नका. पान तोडलं की देठातून दुधासारखा पांढरा थेंब येतो. त्यात फॉर्बोल वर्गातली संयुगं असतात. ती पेशींमधलं प्रोटीन कायनेज सी हे विकर चेतवतात आणि दाह भडकतो, कातडीवर फोड येतात. गंमत अशी, की याच झाडातल्या अशाच एका संयुगाने प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये एचआयव्हीची वाढ रोखली होती. पण ते शुद्ध केलेलं, मोजून वापरलेलं संयुग होतं. झाडाचा कच्चा चीक नव्हे.

खारफुटीतल्याच कांदळाच्या सालीतलं टॅनिन तुरट, म्हणून जुलाबावर ती वापरत. आज त्यासाठी साल सोलू नका. जीवनरक्षक क्षारांचं पाणी घरात करता येतं.

गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. डोळे चोळू नका, पंधरा मिनिटं गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.