वही आपल्या हातात घ्या

वीटभट्टीचा हंगाम सरला की उचल किती घेतली, विटा किती थापल्या, फिटलं किती, हे सगळं मालकाच्या वहीत असतं. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या कातकरी घरांना ही वही चांगली ठाऊक आहे. आता या भागात फार्महाऊस, गृहसंकुलं, पनवेल-कर्जत रेल्वेमार्ग, द्रुतगती मार्गाची खोपोलीकडची मिसिंग लिंक अशी मोठी कामं निघाली. वही मोबाइलमध्ये गेली, पण मोबाइल बहुधा दुसऱ्याचाच. गवंडीकाम करणाऱ्या, आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या ठाकर-कातकरी मुलामुलींनी ती आपल्या हाती कशी आणायची, त्याच्या या पाच पायऱ्या.

१. नकाशा वाचायला शिका
नकाशा आता पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतो. उघडल्याबरोबर त्यातली नावाची चौकट शोधा: कामाचं नाव, तारीख, सुधारणेचा क्रमांक. ‘आर-२’ आला असेल तर ‘आर-१’वरून काम करू नका. मापं बहुधा मिलिमीटरमध्ये असतात. ३०५ मिलिमीटर म्हणजे साधारण १ फूट. स्क्रीनवर बोटाने अंतर मोजू नका, लिहिलेला आकडाच धरा. डोंगराकडेला रेंज जाते, म्हणून घरून निघतानाच फाइल फोनमध्ये उतरवून घ्या.

२. ब्रासचा हिशेब शीटमध्ये मांडा
२० फूट लांब, १५ फूट रुंद, ५ इंच जाड स्लॅब घ्या. २० × १५ × ५ ÷ १२ म्हणजे १२५ घनफूट. १०० घनफुटांचा १ ब्रास, म्हणून काँक्रीट सव्वा ब्रास. गुगल शीटमध्ये लांबी, रुंदी, जाडी आणि ब्रास असे चार रकाने करून सूत्र एकदाच घाला. पहिले काही दिवस जुन्या गवंड्याच्या तोंडी हिशेबाशी ताडून पाहा. फरक आला तर बहुतेक वेळा इंच-फुटाचा घोळ असतो.

३. झाकलं जाण्याआधी फोटो काढा
स्लॅब ओतला की सळई दिसत नाही. म्हणून आधी पूर्ण जाळीचा फोटो, मग दोन सळयांमधल्या अंतरावर टेप ठेवून जवळून दुसरा. तारीख आणि ठिकाण फोटोवर येऊ द्या. सराव वाडीतच होईल: घरकुलाचे हप्ते टप्प्याटप्प्याच्या, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंवरच सुटतात. कातकऱ्यांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेच्या घरकुलांनाही हीच रीत आहे.

४. मग कॅडकडे वळा
आयटीआयचा ‘आरेखक स्थापत्य’ अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा, डिप्लोमा तीन वर्षांचा. संगणकावर नकाशा काढायचं ऑटोकॅड विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. लिब्रेकॅड सगळ्यांनाच मोफत. फोनवर नकाशा पाहता येतो, काढायला मात्र संगणक हवा, तेव्हा लॅबचा तास चुकवू नका. पहिला नकाशा स्वतःच्या घराचा काढा: टेपने मोजा, कागदावर उतरवा, मग स्क्रीनवर. साइटवर मोजणीवाले आले तर प्रिझमची काठी धरायला पुढे व्हा आणि टोटल स्टेशन या मोजणीयंत्रातले आकडे दाखवायला सांगा.

५. कागद आणि हजेरी
प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरीसाठी जमातीचं प्रमाणपत्र लागतं, पुढे वैधता प्रमाणपत्रही. वडील-आजोबांचे शाळेचे दाखले आत्ताच गोळा करा. नातलगाची वैधता झाली असेल तर तिची प्रत मागून घ्या. योजनांची चौकशी पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

ते दिवस मोजायचे तर रोज संध्याकाळी शीटमध्ये एक ओळ लिहा: तारीख, साइट, काम, मजुरी, मिळाले, बाकी. पगाराच्या दिवशी मुकादमाच्या वहीशेजारी आपला फोन ठेवा. आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले, तर नेमक्या कोणत्या तारखेला चुकलं त्यावर बोट ठेवता येईल.