चिठ्ठीतला घोडा

अगं, डर्बीच्या निमित्तानं ऑफिसात घोड्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या म्हणतेस, जरूर काढ. आपल्या दोंडाईच्यात घोड्याचं कौतुक कोणाला शिकवावं लागत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तेव्हा नुकरा कोणता, अबलक कोणता, पंचकल्याणी कोणता यावर आपल्याकडची माणसं तासन्‌तास बोलतात. तुझे लोक रमतील बघ.

यात्रेतल्या शर्यतीवर खेळ ठेवायचा विचार मात्र सोड. चिठ्ठ्या काढायच्या तर घोड्यांची पक्की यादी आधी हातात हवी. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या डर्बीत ती काही दिवस आधी छापून येते, घोड्याचं नाव, नंबर, जॉकी सगळं त्यात असतं. १९४३ पासून ही शर्यत होते आहे, आणि पहिल्याच वर्षी बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ जिंकली होती. घोडी बरं का! हे तुमच्या बायकांच्या टेबलावर आवर्जून सांग. २४०० मीटरचं अंतर, अडीच मिनिटांत खेळ खलास. शर्यत बहुधा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, रविवारी असते, म्हणून चिठ्ठ्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत उरकून घे.

आता माझं खरं सांगणं ऐक. पैसे गोळा करू नकोस. दहा रुपये नाहीत, पाचही नाहीत. परदेशात ऑफिसातले लोक थोडे थोडे पैसे काढतात आणि ज्याच्या चिठ्ठीतला घोडा जिंकला त्याला ते देतात. मेलबर्न कपच्या दिवशी ऑस्ट्रेलियात हे घरोघरी चालतं. आपल्याकडे मात्र १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे, आणि पैसे घेऊन चिठ्ठीवर बक्षीस वाटलं की ती खासगी लॉटरीच झाली. कुणीतरी तुला सांगेल की १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य असतं असं म्हटलंय. म्हटलंय, खरंय. पण ते घोड्याचा वंश, चाल, आधीच्या शर्यती अभ्यासणाऱ्याचं कौशल्य. डब्यात हात घालून चिठ्ठी उचलण्यात कसलं आलंय कौशल्य?

कायदा राहू दे बाजूला. मटक्याच्या आकड्यापायी बायकोची पोत गहाण पडलेली घरं आपण पाहिली आहेत ना? तुझ्या ऑफिसातही अशा घरातली एखादी असेल. ती बोलणार नाही, सगळ्यांनी दिले म्हणून मुकाट्यानं पैसे काढून देईल. तिच्यासाठी तरी पैसा यात आणू नकोस. आणि कुणी चिठ्ठी उचलली नाही तर ‘का गं?’ म्हणून विचारूही नकोस.

बक्षीस असं ठेव: ज्याचा घोडा पहिला, त्यानं सोमवारच्या जेवणाचा बेत ठरवायचा आणि सगळ्यांनी मिळून तो आणायचा. थंडीत भरिताची वांगी असतातच, त्यामुळे भरीत आणि कळण्याची भाकरी निघेल, नाहीतर शेवभाजी. शेवटून पहिला आलेल्यालाही काहीतरी दे, पेढा दिलास तरी पुरे. त्यामुळे मागे पडलेल्या घोड्यासाठीही कुणीतरी ओरडत राहतं.

माणसं जास्त आणि घोडे कमी असतील तर एका घोड्यावर दोघं-तिघं घाल. घोडे जास्त असतील तर उरलेल्यांच्या पुन्हा चिठ्ठ्या काढ, एकही घोडा बेवारस ठेवू नकोस. ऐनवेळी एखादा घोडा शर्यतीतून काढून घेतात, त्याच्या माणसाला कोणाच्या जोडीला बसवायचं ते आधीच ठरव आणि फळ्यावर लिहून टाक. नंतर ठरवायला गेलीस तर भांडणं तुझ्या गळ्यात पडतील. कागद सारखे काप, घड्या सारख्या घाल. साहेबांनाही त्याच डब्यात हात घालायला लाव, शिपाईकाकांच्या नंतर. चिठ्ठी कोणी कोणाशी बदलायची नाही, साहेबांनीसुद्धा नाही.

यादी आली की मला पाठव, नावं मोठ्या अक्षरात लिहून देते.