रक्ततपासणीची यादी आणि माणसाचे खासगीपण

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात सिकलसेलची तपासणी झाली. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतले गेले, सोल्युबिलिटी चाचणी झाली आणि ज्या मुलांचे रक्त पुढील तपासणीस पाठवावयाचे होते त्यांची नावे एका कागदावर आली. पालकांना लवकर कळावे या सद्हेतूने आम्ही त्या कागदाचे मोबाइलवर छायाचित्र काढले आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. संध्याकाळपर्यंत ती यादी गावोगावी फिरली होती. पुढच्या रविवारी एका नववीतल्या मुलीची आजी भेटीला आली. ती रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “गुरुजी, आता ह्या पोरीले कोन करून घेईन जी?”

पुढे इलेक्ट्रोफोरेसिसची पक्की तपासणी झाली, तेव्हा ती मुलगी केवळ वाहक असल्याचे निष्पन्न झाले. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण होण्याची शक्यता शेकडा २५ असते. म्हणून विवाहापूर्वी दोघांची तपासणी आणि समुपदेशन हवे. परंतु हा खुलासा करणारा दुसरा कागद पहिल्या कागदाइतका फिरला नाही. फिरत नसतोच. गावात “तिला सिकल आहे” एवढेच उरले.

या प्रसंगाने आम्हांस इतिहासाचा एक जुना धडा नव्याने वाचावयास लावला. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या बाबासाहेबांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून, ते राहिले. अकराव्या दिवशी त्यांची जात उघड झाली आणि हातांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. माणूस तोच होता, त्याची विद्वत्ता तीच होती. बदलली होती ती त्याच्याविषयी इतरांना असलेली माहिती. आपल्यासंबंधीची कोणती गोष्ट कोणास कळावी हे ठरविण्याचा अधिकार ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नव्हता, त्यांना खासगीपण हा श्रीमंतांचा लाड वाटता कामा नये. विदर्भात सिकलसेल आदिवासी व अनुसूचित जातींत अधिक आढळतो. त्यामुळे येथे आजाराची यादी पुष्कळदा जातीची यादीही होऊन बसते.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी जो मसुदा तयार केला, त्यात माणसाची व्यक्ती, घर आणि कागदपत्रे अवाजवी झडती व जप्तीपासून सुरक्षित असावीत असे कलम होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशाच आशयाची दुरुस्ती सभेत मांडली. हे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, तरी ते कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, अशा अर्थाचे उत्तर देऊन बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. सभागृहात गोंधळ झाला, निर्णय पुढे ढकलला गेला आणि अखेरीस दुरुस्ती बारगळली. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही कथा येत नाही. जी दुरुस्ती राहून गेली, तिच्या मागची भूमिका देशाच्या कायद्यात येण्यास जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निर्णय दिला की, खासगीपण हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे.

आरोग्याच्या बाबतीत मात्र वाट सरळ नव्हती. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. रुग्णालयाने एका माणसाची एचआयव्हीची माहिती उघड केली, त्याचे ठरलेले लग्न मोडले आणि त्याला समाजात तोंड दाखविणे कठीण झाले. गुप्ततेचा अधिकार निरपवाद नाही, वधूच्या जिवाचाही प्रश्न आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या वधूचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. पण तिला सांगणे वेगळे आणि गावाला सांगणे वेगळे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीवाचून अशी माहिती उघड करण्यास मनाई केली आणि अपवाद कोणते तेही लिहून ठेवले.

आता दैनंदिन व्यवहाराकडे वळू. औषधाच्या दुकानात बिल करताना मोबाइल क्रमांक मागितला जातो आणि आपण सवयीने सांगतो. त्या क्रमांकाशी मधुमेहाची गोळी, मानसिक आजाराचे औषध, गर्भतपासणीची पट्टी हे सारे जोडले जाते. क्रमांक दिल्याशिवाय वस्तू न देण्याचा आग्रह विक्रेत्यांनी धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दिली होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तर स्पष्ट सांगतो की, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्यास देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. आमच्या ओळखीत मात्र अशी दाद मागितलेला एकही मनुष्य नाही!

शासकीय व्यवस्थेतही नोंदी आता संगणकावर गेल्या आहेत. २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि त्यातील ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक अनेकांनी काढला आहे. तो ऐच्छिक आहे, हे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. अशा नोंदींचे लाभ आम्ही नाकारीत नाही. नागपूरला मोठ्या रुग्णालयात जाताना जुन्या कागदांची पिशवी हरवली की काय होते, ते आम्ही पाहिले आहे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील काम हाताने लिहून चालवावे लागले, हेही विसरता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संमती मोकळी व विशिष्ट हेतूपुरतीच असावी, सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता यावी, संमती दिली तितक्याच सहजपणे परत घेता यावी, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो शासनाकडे जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला नुकसानभरपाई देण्याची माहिती तंत्रज्ञान कायद्यातील जुनी तरतूद मात्र काढून टाकण्याचे ठरले आहे. आरोग्याच्या माहितीसाठी वेगळे, अधिक कडक संरक्षणही या कायद्यात नाही. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलमात केलेल्या बदलामुळे अधिकाऱ्यांविषयीची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणे सोपे झाले आहे. गरिबाच्या रक्ताचा अहवाल उघडा आणि साहेबाची फाइल बंद, अशी ही व्यवस्था होऊ नये, असे आम्हांस वाटते.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आज परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधविक्रेते आहेत. मागणी केल्यावर रुग्णाला त्याची कागदपत्रे ७२ तासांत देणे हे डॉक्टरांवर २००२ च्या आचारनियमांनी बंधनकारक आहे, हे त्यांनी आपल्या गावी अवश्य सांगावे. मोबाइलवर फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक आहे.

त्या घटनेनंतर आम्ही तपासणीची रीत बदलली. अहवाल बंद लिफाफ्यात येतात, पालकाच्या हाती एकेकट्याला दिले जातात आणि त्या वेळी समुपदेशक शेजारी बसतात. याद्या कपाटात कुलुपाखाली राहतात. वेळ फार लागतो. मागल्या खेपेस दोन दिवस गेले आणि काही पालकांनी, “गटावर टाकून द्या ना सर, कशाला बोलावता?” असे म्हटलेच. ती मुलगी आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही तिची परवानगी मागितली. तिने ती दिली आणि गावाचे नाव मात्र घालू नका, असे सांगितले.