वळिवड्याला जायच्या आधी

तायांनो, यंदाची आपली अभ्यास भेट दूध डेअरीला नाही की गांडूळखत प्रकल्पाला नाही. आपण जाणार आहोत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, एके काळी तिथं वसलेलं पोलिश गाव बघायला. पोलिश म्हणजे युरोपातल्या पोलंड देशाचे लोक. “तिकडचं गाव कोल्हापुरात कसं आलं?” असं बैठकीत बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून हा पाठ. जाण्याआधी गटात मोठ्यानं वाचून दाखवा.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीचं आणि पूर्वेकडून रशियाचं सैन्य चालून आलं. पुढच्या वर्षी रशियानं आपल्या ताब्यातल्या भागातली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. तिथं थंडीनं, उपासमारीनं, आजारानं कितीतरी माणसं गेली. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा कुठं यांची सुटका झाली. धडधाकट पुरुष नव्या पोलिश सैन्यात भरती झाले. बायका, मुलं, म्हातारी माणसं इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यांतली काही हजार आपल्या देशात आली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आसरा दिला, ते काहींनी ऐकलं असेल. त्याहून कितीतरी मोठी वसाहत आपल्या वळिवड्यात होती. पुढं १९४६ मध्ये बालाचडीची मुलंही इथंच आली.

१९४३ ते १९४८, पाच वर्षं, सुमारे पाच हजार माणसं. पंचगंगेच्या काठाजवळ, रेल्वे स्टेशनला लागून लांबच लांब बराकी. त्यात शाळा, दवाखाना, चर्च, पोस्ट, दुकानं, नाटक-सिनेमाची जागासुद्धा. पोटापुरतं जगायचं असतं तर नाटकाची जागा कशाला लागली असती? मला तर तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

आता जरा थांबा आणि विचार करा. या वस्तीतल्या बहुतेक मोठ्या माणसांत बायकाच. कुणाचा नवरा इटलीच्या आघाडीवर लढतोय, कुणाचा सायबेरियात गेला, कुणाच्या नवऱ्याचा पत्ताच नाही. भाषा येत नाही, ऊन सोसत नाही, परत कधी जाणार ते ठाऊक नाही. तरी मुलांची शाळा बुडू दिली नाही. स्वतःच्या भाषेत शिकवलं, आपले सण केले. आणि हे सगळं फुकटात चाललं नव्हतं बरं का. खर्च लंडनमध्ये असलेल्या पोलिश सरकारच्या नावावर होता. आपण काय दिलं? जागा दिली, शेजार दिला.

शेजार ही काय साधी गोष्ट आहे का? आपल्याच गावात बघा. माहेरी परत आलेली लेक, भाड्यानं राहणारी, ऊसतोडीला येऊन इथंच टिकलेलं एखादं बिऱ्हाड. “रेशनकार्ड इथलं नाही, गटात कशी घ्यायची?” हा सवाल मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. पुढच्या सर्वसाधारण सभेत अशा बायांना सभासद करून घेण्याचा ठराव येणार आहे, म्हणून मुद्दाम ही भेट सभेच्या आधी ठेवली.

“उद्या कर्ज उचलून निघून गेली तर?” असं काही जणी म्हणतील. शंका खोटी नाही. वळिवड्याची माणसंही १९४८ पर्यंत निघूनच गेली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, काही परत पोलंडला. एक मुलगी मात्र मराठी तरुणाशी लग्न करून कोल्हापूरची सून झाली. जाण्याची भीती असेल तर आधी सहा महिने नुसती बचत, मग बचतीच्या पटीत छोटं कर्ज, दोघींची जामीनकी, असे नियम करता येतात. पण दारच बंद ठेवणं हा काही नियम नव्हे, असं माझं मत. तुमचं वेगळं असेल तर सभेत मांडा.

आता तिथं काय दिसेल ते सांगते, म्हणजे नंतर “एवढंच होय?” म्हणायला नको. जुन्या बराकी फारशा उरलेल्या नाहीत. पोलिश लोक गेल्यावर त्या जागेत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले. त्यांची वसाहत म्हणजे आजचं गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. म्हणजे एका निर्वासितांच्या जागी दुसरे निर्वासित आले आणि त्यांनी बाजार उभा केला! शिलाईकाम करणाऱ्या तायांनी तिथं अस्तराचे आणि ब्लाऊजपीसचे घाऊक भाव विचारून वहीत लिहायचे. साडी खरेदी शेवटच्या एका तासातच. नाहीतर भेट राहील बाजूला आणि बसमध्ये गाठोडीच येतील.

वळिवड्यात स्मृतिस्तंभ आहे, सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडहून पाहुणे आले होते तेव्हाचा. कोल्हापुरात महावीर उद्यानातही एक स्मारक आहे. आणि तिकडे पोलंडची राजधानी वॉर्सा इथं चक्क कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले. पाच वर्षांच्या शेजाराची आठवण त्या लोकांनी इतकी वर्षं जपली.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायची संधी मिळाली तर नुसतं “कसे होते हो ते?” असं विचारू नका. तुमच्या घरचं कोण त्यांच्याकडं दूध-भाजी घेऊन जायचं का, भाषा कशी जुळली, भांडणं झाली का, कोण मिटवायचं, असं नेमकं विचारा. उत्तर मिळेलच असं नाही, तेव्हाची पिढी आता थकली. जे मिळेल ते प्रत्येक गटाच्या सचिवानं टिपून घ्यायचं.

सोलापुरातून सांगोला, मिरजमार्गे बसनं पाच-सहा तास लागतील, म्हणून पहाटे निघू. भाकरी-चटणीचा डबा, पाण्याची बाटली, औषधं ज्याची त्यानं घ्यायची. रेल्वेनं कधी गेलात तर मिरजेकडून जाताना रुकडी सोडली की पंचगंगेचा पूल आणि मग वळिवडे स्टेशन लागतं. नावं शनिवारपर्यंत ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडं द्या. आणि तुमच्या गल्लीत गटाबाहेर राहिलेली, “मी इथली नाही” म्हणणारी कुणी असेल तर तिलाही विचारा. बसमध्ये दहा जागा तशा बायांसाठी राखून ठेवल्या आहेत.